मोटार आणि छोटे विमान : दोन्हींसाठी एकच जंप स्टार्टर घ्यावा का?

हिमवाट

नमस्कार. मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. येथे जानेवारीत पहाटेचे तापमान उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, तरी कोणी त्याची बातमी करत नाही. दोन मित्रांच्या भागीदारीत माझे १९७६ सालचे सेसना १७२ एम हे चार आसनी विमान आहे आणि ते गावाबाहेरच्या लहान विमानतळावर, विजेची सोय नसलेल्या हँगरमध्ये उभे असते. दहा दिवसांपूर्वी विमान आत ढकलताना आमच्यापैकी एकाने (तो एक मीच, हे येथे कबूल करतो) मास्टर स्विच, म्हणजे विमानाची वीज चालू-बंद करणारा मुख्य स्विच, चालूच ठेवला. परवा जाऊन पाहिले, तर बॅटरी पूर्ण उतरलेली होती आणि स्विच दाबल्यावर रिलेचा (विजेने ओढला जाणाऱ्या स्विचचा) साधा टक् असा आवाजसुद्धा आला नाही.

मोटारीसाठी लिथियम बॅटरीचा, हातात मावणारा जंप स्टार्टर (बॅटरी बसली असता बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू करणारा डबा) मला तसाही घ्यायचा आहे. मोटार १२ व्होल्टची आहे आणि आमचे विमानही १२ व्होल्टचेच आहे, त्यामुळे एकाच डब्यात दोन्ही कामे होतील असा माझा हिशोब आहे. तिसरी गरज नागपूरची आहे. माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांची डिझेल मोटार महिन्या-दीड महिन्यातून एकदा बाहेर निघते. दर वेळी बॅटरी बसलेली असते आणि धक्का मारायला शेजारच्या मुलांना हाक मारावी लागते. मार्चमध्ये मी नागपूरला येणार आहे, तेव्हा त्यांच्यासाठीही असाच एक डबा येथून सामानात आणावा असे मनात आहे.

बाजारात ६०० अँपिअरपासून ४,००० अँपिअरपर्यंतचे आकडे छापलेले डबे दिसतात. नेमके काय पाहून निवड करावी, हे जाणकारांनी सांगावे.

तारतंत्री

हिमवाट, पहिली विनंती अशी की डब्यावरचा 'पीक' (क्षणभराचा कमाल प्रवाह) हा शब्द वाचून तो लगेच विसरून जावा. मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीवर थंडीतील स्टार्टिंग क्षमतेचा जो आकडा असतो, त्यामागे ठरलेली चाचणी असते. उणे १८ अंश तापमानात ३० सेकंद तेवढा प्रवाह देऊनही बॅटरीचे व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये, असा तो दंडक आहे. जंप स्टार्टरच्या 'पीक अँपिअर'ला असा सर्वमान्य दंडक नाही. तो प्रवाह किती वेळ टिकतो आणि त्या वेळी व्होल्टेज किती उरते, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक जाहिराती गप्प होतात.

थोडे गणित करून पाहू. लिथियमचे तीन सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट मिळतात. एवढ्या व्होल्टेजवर ४,००० अँपिअर वाहायचे असतील, तर सेल, तारा, चिमटे आणि सगळे जोड मिळून एकूण रोध ३.१५ मिलिओहमपेक्षा जास्त असून चालणार नाही, आणि तेही दोन्ही चिमटे एकमेकांना थेट टेकवले असताना. या डब्यांसोबत साधारणपणे ५ चौरस मिलिमीटर जाडीची आणि वीतभर-दीड वीत लांबीची तार येते. जाण्यायेण्याच्या त्या तारेतच सुमारे दोन मिलिओहम खर्च होतात. उरलेल्या एका मिलिओहममध्ये सेल, जोड आणि संरक्षक सर्किट कसे बसवले असेल, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरा फसवा आकडा एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा). तो एका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. १२,००० एमएएच म्हणजे ४४.४ वॉट-तास, आणि ऊर्जेचा खरा आकडा हाच. '९९,८०० एमएएच' लिहिलेला डबा पाहिलात तर गुणाकार करा : ३६९ वॉट-तास येतात. तेवढी ऊर्जा साठवायला नुसते सेलच दोन किलोच्या आसपास लागतील. डबा वजनकाट्यावर ठेवला आणि काटा पाचशे ग्रॅमवर थांबला, की निकाल लागला.

मुळात इंजिन फिरवायला ऊर्जा फार लागतच नाही. २०० अँपिअर प्रवाह १० व्होल्टवर तीन सेकंद दिला, तर ६,००० जूल म्हणजे जेमतेम १.७ वॉट-तास खर्च होतात. अडचण ऊर्जेची नसून ती किती वेगाने बाहेर काढता येते याची असते, आणि तो वेग अंतर्गत रोधावर ठरतो. म्हणून मी या क्रमाने पाहतो : तारेची जाडी, चिमट्यांचे जबडे (दोन्ही जबडे तांब्याच्या पट्टीने जोडलेले असावेत, पुष्कळदा एकच जबडा जोडलेला असतो), उत्पादकाने 'पीक'शिवाय सलग देता येणारा प्रवाह किंवा तीन सेकंदांतली ऊर्जा जुलांमध्ये दिली आहे का, आणि सर्वांत शेवटी क्षमता.

लहान पेट्रोल इंजिनाला साधारणपणे १०० ते २०० अँपिअर लागतात. मोठ्या डिझेल इंजिनाची गरज त्याच्या दुपटीवर सहज जाते, कारण दाब जास्त असतो आणि थंडीत ग्लो प्लगही (इंजिन आतून तापवणाऱ्या कांड्या) आधी आपला वाटा घेतात.

आता सेलच्या रसायनाबद्दल, कारण हा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. गाडी सुरू झाली की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) १४.४ व्होल्टपर्यंत देऊ लागतो. त्या वेळी डबा जोडलेलाच राहिला आणि उलट प्रवाह अडवण्याची सोय त्यात नसली, तर तीन सेलच्या डब्यात प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात, आणि त्या सेलची मर्यादा ४.२ ची असते. तेथे आगीची भीती खरी आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या डब्यात चार सेल असतात. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला ३.६ व्होल्ट येतात, ते मर्यादेत बसतात, आणि हे सेल उष्णतेलाही अधिक सोसतात. वजन थोडे जास्त होते, किंमतही वाढते, तरी मी स्वतः तोच घेतला आहे.

हमरस्ता

माझा वाहनांच्या वायरिंगचा आणि बॅटऱ्यांचा व्यवसाय संगमनेरजवळ महामार्गाला लागून आहे, त्यामुळे बंद पडलेल्या गाड्या रोज पाहतो. वरचे गणित पटण्यासारखेच आहे. माझ्या अनुभवात मात्र जंप स्टार्टरची तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचा डबा ठीक असतो आणि बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा पांढऱ्या-हिरव्या बुरशीने भरलेले असते. सेल्फ मारल्यावर नुसता टक्-टक् आवाज येत असेल, तर कशालाही हात लावण्यापूर्वी टर्मिनल हलवून पाहावे.

चिमटे लावण्याच्या क्रमात लोक घाई करतात, म्हणून लिहितो. लाल चिमटा बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावा. काळा चिमटा ऋण टर्मिनलला न लावता इंजिनाच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या जाड लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, हे पहिले कारण. नव्या गाड्यांच्या ऋण टर्मिनलवर बॅटरीची नोंद ठेवणारा सेन्सर असतो आणि चासीला जोडल्याने त्याचा हिशोब चुकत नाही, हे दुसरे कारण. काढताना उलटा क्रम : आधी काळा, मग लाल. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे.

बऱ्याच डब्यांच्या चिमट्यांमध्ये एक छोटी पेटी असते. उलट जोडणी झाली की ती प्रवाह रोखते आणि समोर बॅटरीचे थोडेतरी व्होल्टेज दिसल्याशिवाय प्रवाह सोडत नाही. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर डबा चालत नाही अशी ओरड होते, ती यामुळे. अशा वेळी एक वेगळे बटण दाबून जबरदस्तीने प्रवाह सोडता येतो, पण त्या बटणाने सगळे संरक्षण बाजूला होते. ते दाबण्यापूर्वी लाल-काळा पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावा. रात्री, पावसात, मोबाइलच्या उजेडात चूक करणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत.

ट्रक आणि एसटीच्या गाड्या २४ व्होल्टच्या असतात. त्यांना १२ व्होल्टचा डबा लावण्याचा उद्योग करू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारीतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि ती बसली की एवढी मोठी गाडी दारसुद्धा धड उघडू देत नाही. तेथे लहानात लहान डबाही पुरतो, कारण सेल्फ फिरवायचाच नसतो.

संत्रानगरी

हिमवाट, आपले वडील नागपूरचे म्हणून मुद्दाम लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी मी असाच डबा घेऊन गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता, कारण गाडीचे साधन गाडीतच असावे असे मला वाटले. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आत किती होत असेल याचा विचार मी केला नाही. जूनमध्ये डबा काढला, तर त्याचे कवच मधून उघडले होते आणि आतला सेल पापडासारखा फुगला होता. दुकानदाराने वॉरंटी नाकारली आणि त्याचे म्हणणे बरोबर होते, कारण साठवणुकीची मर्यादा ५० अंश सेल्सिअस अशी पुस्तिकेत स्पष्ट छापलेली होती. मी ती वाचली नव्हती, एवढेच.

फुगलेला सेल घरात ठेवू नये, टोचू नये आणि घंटागाडीत टाकू नये. मी तो वाळू भरलेल्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिला.

आपल्या वडिलांसाठी खरोखर जंप स्टार्टरच हवा आहे का, हे आधी तपासून पाहा. ७४ वर्षांच्या माणसाने बॉनेट उघडून, वाकून, चिमटे लावून दर महिन्याला ही कसरत करावी, हे मला काही योग्य वाटत नाही.

तारतंत्री

संत्रानगरी यांचा शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. उभी असलेली गाडीही प्रवाह खाते. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ आणि बाहेरून बसवलेला ट्रॅकर मिळून ५० मिलिअँपिअर धरले, तर ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास जातात. डिझेल मोटारीतली बॅटरी साधारण ६० अँपिअर-तासांची असते, आणि तीही जुनी, अर्धवट चार्ज झालेली. दीड महिन्यात ती बसते यात नवल काहीच नाही. त्याहून वाईट असे की शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि दर खेपेला तिची क्षमता थोडी कायमची जाते. जंप स्टार्टर गाडी सुरू करून देतो, पण हे नुकसान भरून देत नाही.

घराजवळ प्लग पोहोचत असेल, तर बॅटरीला हळूहळू चार्ज ठेवणारा छोटा मेंटेनर लावावा. पोहोचत नसेल, तर ऋण टर्मिनलवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. तो कोणीही वायरमन दहा मिनिटांत बसवतो.

सामानात आणण्याबद्दल : सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात ठेवता येत नाही, ती सोबतच्या हातबॅगेतच लागते. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. डब्यावर वॉट-तास छापलेले नसले, तर तपासणीच्या टेबलावर तुमचे गणित कोणी ऐकून घेत नाही. शिवाय काही कंपन्या जंप स्टार्टर म्हटले की क्षमता न पाहताच नकार देतात. तेव्हा तिकडून आणण्यापेक्षा येथेच घ्यावा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना आणि पॉवर बँकांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. तो 'आर'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला आहे का, हे पाहून घ्यावे.

झटपट

एवढी चिरफाड कशासाठी, हे मला कळले नाही. फ्लोरिडात वैमानिक प्रशिक्षण घेताना मोटारीच्याच जंप स्टार्टरने १२ व्होल्टचे विमान आम्ही किमान पाच वेळा सुरू केले आहे. चिमटे थेट बॅटरीला लावले, इंजिन लागले, चिमटे काढले आणि उड्डाण केले. पाचही वेळा काहीही झाले नाही. शिवाय विमानाच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो (इंजिनावरच फिरणारे, स्वतः वीज तयार करणारे यंत्र) देतो, बॅटरी नव्हे. एकदा इंजिन लागले की वर गेल्यावर बॅटरीचे काय काम?

पंखडागडुजी

मी महाराष्ट्रातील एका प्रशिक्षण संस्थेत विमान देखभाल अभियंता आहे. झटपट यांचे मॅग्नेटोबद्दलचे वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो इतक्या वेळा ऐकला आहे की सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

मोटारीत बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करण्याचे असते. ते झाले आणि पुढे काही बिघडले, तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानात बॅटरीला दुसरे, अधिक मोठे काम असते : आकाशात अल्टरनेटर बंद पडला तर रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र), उपकरणे, दिवे आणि सेसनाचे विजेवर चालणारे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) या सर्वांचा भार उचलायला तीच एक उरते. लहान विमानांच्या अमेरिकी प्रमाणन नियमांत नंतरच्या काळात असे आले की वीजनिर्मिती पूर्ण बंद पडल्यास बॅटरीने आवश्यक भार किमान ३० मिनिटे चालवला पाहिजे. १९७६ च्या १७२ एमचे प्रमाणपत्र त्याहून जुन्या नियमांवर दिलेले असल्याने तो नियम तिला मागे जाऊन लागत नाही, हे खरे. पण ढगात किंवा रात्री अल्टरनेटरचा लाल दिवा लागला, तर तो विमानाचे साल विचारत नाही.

डब्याने इंजिन लागले, तरी बॅटरी रिकामीच असते. १७२ एममधला ६० अँपिअरचा अल्टरनेटर मग त्या रिकाम्या बॅटरीत भराभर प्रवाह ओततो, स्वतः तापतो आणि बॅटरीलाही तापवतो. ती पूर्ण भरायला काही तास लागतात. तुमचे उड्डाण तासाभराचे असते आणि त्या सबंध तासात तुमच्याजवळ राखीव वीज नसते. म्हणूनच विमानाच्या बॅटरीचे उत्पादक सांगतात, की खोलवर उतरलेली बॅटरी विमानातून काढावी, बाहेर योग्य चार्जरवर भरावी, तिची क्षमता तपासावी आणि मगच परत बसवावी. झटपट, आपल्या पाचही उड्डाणांत अल्टरनेटर चालू राहिला, हे आपले नशीब होते, आणि नशीब चांगले होते याचा मला आनंद आहे.

दुसरी गोष्ट चिमट्यांची. १७२ एममध्ये बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या) पुढच्या अंगाला डावीकडे असते. थेट बॅटरीला चिमटे लावायचे म्हणजे काउलिंग (इंजिनावरचे झाकण) उघडे ठेवून इंजिन सुरू करायचे आणि फिरत्या पंख्यामागे (प्रोपेलरमागे) हात घालून चिमटे काढायचे. पंखा फिरत असताना दिसत नाही. एवढे एकच कारण मला पुरेसे आहे.

याच कामासाठी या विमानांना बाहेरून वीज देण्याचे सॉकेट वैकल्पिक मिळत असे. ते डाव्या बाजूला, काउलिंगच्या मागच्या कडेजवळ छोट्या दारामागे असते. हिमवाट, आपल्या विमानात ते बसवलेले आहे का, हे पाहा. त्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लहान पिन शेवटी टेकते आणि मगच रिले लागतो, त्यामुळे प्लग बसवताना ठिणगी उडत नाही. बॅटरी पूर्ण मेलेली असली तर तिचा स्वतःचा रिले ओढायलाही वीज उरत नाही. सेसनाने त्यासाठी फ्यूज लावलेला एक वेगळा मार्ग ठेवला आहे, ज्यातून बाहेरची वीजच तो रिले ओढते. मोटारीचा 'हुशार' डबा मात्र या सॉकेटवर अडून बसतो, कारण रिले लागेपर्यंत त्याला समोर कोणतेही व्होल्टेज दिसत नाही. मग लोक ते सक्तीचे बटण दाबतात, म्हणजे संरक्षण काढून टाकतात, आणि पुढे जोडलेले असतात लाखांच्या किमतीचे रेडिओ.

व्होल्टेजची खात्री तर शंभरदा करावी. सेसना १७२ ची १९७७ पर्यंतची विमाने १२ व्होल्टची आहेत आणि १९७८ पासून २४ व्होल्टची आली. आमच्याकडची डीए ४० विमाने २४ व्होल्टची आहेत, तर रोटॅक्स इंजिनाची टेकनाम पी २००८ ही १२ व्होल्टची. सेसनाच्या १२ आणि २४ व्होल्टच्या विमानांचे सॉकेट दिसायला सारखेच असते. बाहेरची वीज जोडताना एव्हिऑनिक्स (रेडिओ आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे) बंद हवेत, यात दुमत नाही. पण मास्टर स्विच आधी चालू करायचा की बंद ठेवायचा, हे मॉडेलनुसार बदलते. सत्तरच्या दशकातील सेसनांच्या पुस्तिकांत, झटक्याने येणारे व्होल्टेज बॅटरीने शोषून घ्यावे म्हणून मास्टर चालू ठेवायला सांगितलेले आढळते. इतर विमानांत नेमके उलटे असते. आपल्या विमानाची पुस्तिका जे सांगेल, तेच करावे.

आणि आता मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट. बॅटरी दहा दिवस उतरलेल्या अवस्थेत उणे २५ अंशांत पडून होती ना? पूर्ण चार्ज बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे सात-आठ अंशांच्या सुमारास गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीत कोणताही प्रवाह सोडू नये, ती फुटू शकते. आधी तिच्या चारही बाजू नीट पाहा.

झटपट

गोठण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, आणि फ्लोरिडात तो असण्याचे कारणही नव्हते. तेवढे मान्य. पण मग सगळ्या विमानतळांवर बाहेरून वीज देणाऱ्या, ढकलायच्या बॅटरीच्या गाड्या आणि पॉवर युनिटे कशासाठी ठेवलेली असतात? बाहेरच्या विजेवर विमान सुरू करणे निषिद्ध तर नाही ना?

पंखडागडुजी

अजिबात निषिद्ध नाही. बॅटरी निरोगी आणि भरलेली आहे, पण कडाक्याच्या थंडीत इंजिन जड झाले आहे, किंवा जमिनीवर उपकरणे बराच वेळ चालू ठेवून सराव करायचा आहे, अशा वेळी बाहेरची वीज हेच योग्य साधन आहे. आम्हीही ते रोज वापरतो. आक्षेप आहे तो मेलेली बॅटरी झाकून उडण्याला.

थंडीचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. आपल्या १७२ एममध्ये लायकमिंगचे ओ-३२० इंजिन असणार. उणे १२ अंशांच्या खाली त्या इंजिनाला आधी ऊब द्यावी, असे लायकमिंगचे सांगणे आहे. दाट झालेले तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यापूर्वी इंजिन फिरले, तर झीज होते, आणि दांडगा जंप स्टार्टर ती झीज अधिक जोमाने करतो. इंजिन उबदार असेल तर निम्म्या ताकदीची बॅटरीही ते फिरवते.

खाडीकाठ

आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे थंडी आणि ४५ अंश या दोन्ही गोष्टी ऐकीव. आमचा शत्रू दमट खारी हवा. मी बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला डबा घेतला आहे. तो बसलेल्या बॅटरीत उरलेसुरले जे काही असते, तेच दोन-तीन मिनिटे शोषून घेतो आणि एकदम सोडतो. आत लिथियम नसल्याने गाडीतल्या उष्णतेची चिंता कमी आणि महिन्या-महिन्याने चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागत नाही. उणी बाजू अशी की बॅटरी पार मेलेली असेल, तर तो दुसऱ्या गाडीवर किंवा पॉवर बँकेवर आधी भरून घ्यावा लागतो, आणि एक प्रयत्न फसला की पुन्हा थांबणे आले. चिमट्यांच्या स्प्रिंगला मात्र दर पावसाळ्यात गंज धरतो, त्याला पेट्रोलियम जेली लावतो.

तारतंत्री

खाडीकाठ यांची निवड वडिलांच्या गाडीसाठी मलाही लिथियमपेक्षा बरी वाटते, निदान नागपुरात. आणखी एक सावधगिरी : १२ व्होल्टचे दोन लिथियम डबे एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करण्याची क्लृप्ती कोणीतरी सुचवतोच. ती करू नये. दोन्ही डब्यांची संरक्षक सर्किटे १२ व्होल्टसाठी बनलेली असतात. एकाने मध्येच प्रवाह तोडला की तुटलेल्या जागी पूर्ण २४ व्होल्ट येतात आणि ते सर्किट जळते.

मिनेसोटातल्या मोटारीच्या डब्यासाठी एवढेच सांगतो, की तो रात्री घरात ठेवावा आणि सकाळी कोटाच्या खिशात घालून न्यावा. थंड सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि घरात ६०० अँपिअर देणारा डबा उणे २५ ला हात वर करतो. शून्याखालच्या तापमानात तो चार्ज तर कधीच करू नये.

हिमवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल हँगरमध्ये गेलो होतो. काउलिंग उघडून टॉर्चने पाहिले, तर बॅटरीची एक बाजू स्पष्ट फुगलेली होती आणि खालच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती. पंखडागडुजी यांचा प्रतिसाद वाचला नसता, तर काल मी नवा डबा घेऊन तिलाच चिमटे लावणार होतो. तो डबा अजून पाकिटातच आहे.

अमेरिकेच्या नियमांनुसार बॅटरी बदलण्याचे काम मालक-वैमानिकाला स्वतः करता येते, तरी आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत बोलावले, कारण बॅटरीच्या पेटीत आम्ल सांडले आहे का, हे मला एकट्याला ठरवायचे नव्हते. जुनी बॅटरी काढली, पेटी खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतली. फेस आला, म्हणजे थोडे आम्ल झिरपले होते. नवी बॅटरी पुढच्या आठवड्यात येईल. भागीदारांना बिल दाखवताना मास्टर स्विच कोणी चालू ठेवला, हेही सांगितले. त्यांनी विमानावरच्या फिरत्या लाल दिव्याचे बटण मुद्दाम नेहमी चालूच ठेवण्याचा नियम केला आहे, म्हणजे मास्टर चालू राहिला तर हँगरचे दार लावताना दिसेल.

आमच्या विमानाला बाहेरचे सॉकेट आहे. छोट्या दारामागे मधमाशीसारख्या कुठल्याशा किड्याने मातीचे घर केले होते, इतके ते विस्मृतीत गेले होते. आता मोटारीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचा डबा मोटारीपुरताच राहील, आणि विमानासाठी विमानतळावरची बॅटरीची गाडी गरजेप्रमाणे घेऊ.

वडिलांना फोन करून कट-ऑफ स्विचबद्दल सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, की धक्का मारायला येणाऱ्या मुलांना ते दर वेळी पोहे खाऊ घालतात आणि ती मुले आता त्याचीच वाट पाहतात. स्विच बसवायला मात्र तयार झाले आहेत. संत्रानगरी, धंतोली-रामदासपेठेच्या बाजूला हे काम नीट करणारा कोणी वायरमन आपल्याला माहीत असेल, तर कृपया व्यक्तिगत संदेशातून कळवावे.

पंखडागडुजी

सॉकेट इतकी वर्षे वापरलेले नसेल, तर बॅटरीची गाडी लावण्यापूर्वी मेकॅनिककडून त्याचा रिले, फ्यूज आणि उलट जोडणी अडवणारा डायोड तपासून घ्या. आणि गाडीचा प्लग आत घालण्यापूर्वी त्यावर मल्टिमीटर लावून १२ की २४, हे स्वतः वाचा. गाडीवरच्या रंगवलेल्या अक्षरांवर जाऊ नका.